दोन सूत

पलीकडच्या खोलीतली करवत थांबली आणि ड्रिलची घरघर सुरू झाली, तसे मिस्त्री पलंगावरूनच ओरडले, "अरे, भोकं पाडतोयस की काय त्या खुर्चीला?"

घरघर थांबली नाही.

"तिच्यात एक खिळा नाहीये. नुसत्या सांध्यांवर उभी आहे ती."

"अहो, पडून राहा," बायको म्हणाली. ती पायाशी बसून त्यांच्या पावलावर घट्ट पायमोजा चढवत होती. "करू दे की त्याला. तोही सुतारच आहे."

"प्लायवूडचा सुतार."

खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, घरी येऊन चार. दोन मांड्यांच्या मध्ये उशी, तिला पट्टा. कुशीवर वळायचं नाही, वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. लघवीचं भांडंही मागून घ्यावं लागे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काल सांगितलं होतं, उद्यापासून दिवसातून तीनदा वीस वीस मिनिटं खुर्चीत बसायचं, आणि खुर्ची गुडघ्याहून उंच हवी. तशी एकही घरात नव्हती. सगळ्या खुर्च्या मिस्त्रींनीच केलेल्या, आणि बायकोच्या मापाच्या. ती ठेंगणी. बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा त्यांचा पहिल्यापासूनचा हट्ट. म्हणून आता मुलगा एका खुर्चीच्या चारही पायांना खालून ठोकळे जोडत होता.

"ठोकळे एकेक करून कापले त्यानं," मिस्त्री म्हणाले. "मी ऐकलं. चारही एकत्र बांधून एकदाच कापायचे असतात. तिरकी होणार खुर्ची."

"ऐकूनसुद्धा कळतं का तुम्हाला?"

"कळतं. नजरेनं तर कळतंच. हात गेले, पाय गेला, नजर आहे अजून."

"हो ना. न्हाणीघराची पायरी तेवढी नाही दिसली."

 पण नजरेबद्दल मिस्त्री म्हणाले ते खोटं नव्हतं. त्यांनी टेप न लावता नुसतं बघून फळीतला सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शाएवढा, फरक सांगावा आणि टेप लावल्यावर तो तेवढाच निघावा, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. गेल्याच वर्षी त्यांच्या एका शब्दावर मुलाने गिऱ्हाईकाकडे बसवलेलं दार उतरवून पुन्हा बसवलं होतं. काम सुटून बरीच वर्षं झाली, तरी कुठलाही जोड पुरा झाला की मुलगा विचारायचा, "बाबा, बघता का जरा?"

मुलगा खुर्ची घेऊन आला. ती पलंगाशेजारी टेकवून त्याने उशीचा पट्टा सोडला आणि बापाच्या काखांखालून हात घातले.

"चांगल्या पायावर जोर द्या. दुसरा पुढे ठेवा. एक, दोन, तीन."

मिस्त्री त्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळल्यासारखे उठले. बायकोने मागून सदरा खाली ओढला. तीन पावलं मागे यायला किती वेळ लागला कोण जाणे. पोटऱ्यांना खुर्ची लागली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले, आणि ते बसले. उजवी मांडी सुजून दुप्पट झाली होती. कपाळावर घाम आला होता.

मिनिटभराने ते म्हणाले, "तिरकी आहे."

"नाही, बाबा."

"डावीकडचा मागचा पाय दोन सूत आखूड आहे. मी कलतोय डावीकडे. बघ."

मुलाने बघितलं. बाप खरोखरच कलला होता. डावा खांदा उजव्याच्या चार बोटं खाली होता.

"मघाशीच म्हटलं होतं मी," मिस्त्री बायकोला म्हणाले.

मुलगा पलीकडे जाऊन पाणसळ घेऊन आला. खाली बसून त्याने ती खुर्चीच्या बैठकीच्या पुढच्या काठावर, बापाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, आडवी धरली. मिस्त्रींना वाकायची मनाई होती, पण खाली बघायची नव्हती. काचेच्या नळीतला बुडबुडा जरा इकडे तिकडे झाला आणि दोन रेघांच्या बरोबर मधोमध येऊन उभा राहिला.

मुलाने पाणसळ झटकन उचलून पाठीमागे ठेवली.

"हो," तो म्हणाला. "दोन सूत. चुकलंच माझं."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. मुलाने वर पाहिलं नाही. औषधांचं एक रिकामं खोकं घेऊन त्याने घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. खुर्चीचा मागचा कोपरा एका हाताने किंचित उचलून घडी डाव्या पायाखाली सरकवली आणि कोपरा खाली सोडला. आणल्यापासून चारही पायांवर गुपचूप उभी असलेली खुर्ची टक् करून हलली.

"आता?" मुलाने विचारलं.

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"आता बरोबर आहे."

"बघा," बायको म्हणाली, "सांगितलं की करतो तो." तिने मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला आणि चहा टाकायला गेली.

मिस्त्री जराही हलले नाहीत. श्वाससुद्धा बेताबेताने घेत होते. मुलगा उठलाच नाही. त्यांच्या पाठीमागे जमिनीवर बसून त्याने खुर्चीचा तो पाय दोन्ही हातांनी दाबून धरला होता.