टाकीचे झाकण

यहयाभाईंच्या पत्राला खदीजाने उत्तर दिलेच नव्हते. थोरल्या दिरांचे पत्र, तेही पडघ्याहून टपालाने, बंद पाकिटात आलेले. तिचा नवरा फखरुद्दीन गेल्यावर आपल्या घरच्या सुनेने कामतघरच्या गल्ल्यांतून गाडी हाकत फिरावे हे बरे दिसत नाही, असे त्यांनी लिहिले होते. माझा अफजल येऊन गाडी घेऊन जाईल. तुला कुठे जायचे झाले तर आदल्या दिवशी फोन कर, तो सोडायला येईल. खदीजा कितीदा तरी उत्तर लिहायला बसली. पण सलाम, तब्येतीची विचारपूस, पोराबाळांना दुवा एवढे लिहून झाले की तिची लेखणी आज्ञाधारक व्हायची, नकार काही उतरायचा नाही. ते सगळे कागद तिने फाडून टाकले.

आज अफजल दारात उभा होता. सोबत शेलार गावचा दौलत मिस्त्री. चाचींनी काही कळवले नाही म्हणजे त्यांचा होकारच, असे अब्बा म्हणाल्याचे त्याने हसत सांगितले.

"आपल्यात निकाहातही गप्प राहिलं की हो धरतात, चाची."

खुंटीवरची किल्ली त्याने स्वतःच काढून घेतली.

पण गाडी सुरू होईना. आदल्या दिवशी शेलारहून आपल्या लूमसाठी, म्हणजे यंत्रमागासाठी, सुताचे कोन आणताना ती धापा टाकत कशीबशी दारापर्यंत आली होती आणि तिथेच बंद पडली होती; कोन अजून मागेच होते. आता स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन गरगरत होते, पण पेट घेत नव्हते. धुराचा एक पुंजका नाही. बॅटरी उतरेल म्हणून दौलतने अफजलला थांबवले. बॉनेटखाली वाकून त्याने इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल केला आणि पुन्हा किल्ली फिरवायला सांगितले. नट कोरडाच. डिझेल तिथवर पोचतच नव्हते. मग त्याने फिल्टरवरचा छोटा हातपंप अंगठ्याने दाबला. पंप खाली गेला तो खालीच राहिला.

"मेन पंप गेला वाटतं," दौलत म्हणाला. "जुनी हाय, आता हिचं काय खरं न्हाय. टोचन करून न्यावी लागंल."

अफजल दोर शोधायला लागला. दुरुस्तीत कशाला पडायचे, पडघ्यात अब्बांच्या ओळखीचा भंगारवाला आहे, असेही तो म्हणाला.

खदीजा उंबऱ्यावरून पाहत होती. गाडी अशीच राहिली तर दोराने जाणार, सुरू झाली तर अफजल चालवत नेणार. कशीही गेली तरी उद्यापासून तिला घराबाहेर पडायला कुणाला तरी विचारावे लागणार होते. पण तिची नजर त्या हातपंपावर अडकली. दाबला तो वर का येत नाही? मागून कुणी ओढून धरल्यासारखा. तेलाच्या नव्या डब्याला एकच भोक पाडले की असेच होते. नवी सून असताना ती डबा उपडा धरून बसली होती, तेव्हा सासूने सांगितले होते, दुसरे भोक पाड, हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही.

आणि तिला आठवले. वळणावर डिझेल हिंदकळून टाकीच्या झाकणातून यायचे, कोनांना वास लागायचा. लूमवाल्यांच्या घरात नळ गळो की पाइप, आधी सूत गुंडाळतात. तिनेही काल निघण्याआधी झाकणावरचे बारीक भोक फुटलेले समजून त्यात साबण भरला होता आणि वरून सुताचे वेढे घट्ट आवळले होते.

आपले चुकत तर नसेल, असे तिला वाटले. तरी ती चपला घालून खाली उतरली, सूत ओरबाडून काढले आणि झाकण फिरवले. टाकीने हुस्स करून मोठा श्वास घेतला.

दौलतने मान वर केली. हातपंप दाबला. तो अंगठ्याला ढकलत वर आला.

"खाला, तुम्हीच तिचं नाक दाबलं होतं व्हय," तो हसत सुटला. त्याने पंप मारत राहून नटातून बुडबुडे जाऊ दिले आणि स्वच्छ डिझेल यायला लागल्यावर नट आवळला. खदीजाने टाचणीने झाकणाचे भोक मोकळे करून ते परत बसवले.

अफजल स्टिअरिंगवर बसलेलाच होता. त्याने किल्लीला हात घातला.

"उतर," खदीजा म्हणाली.

नेतो ना मी, चाची, असे काहीतरी तो पुटपुटला.

"निकाहाला मी गप्प राहिले, कारण मला हो म्हणायचं होतं. पत्राला गप्प राहिले, कारण नाही कसं म्हणतात ते येत नव्हतं. उतर, अफजल."

तो उतरला. तिने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि पांढऱ्या धुराने गल्ली भरून गेली. शेजारच्या शेडमधले लूमवाले दारात येऊन उभे राहिले. दौलत तिच्या शेजारी चढला, अफजल मागे, सुताच्या कोनांशेजारी जाऊन बसला.

पोस्टापुढे तिने इंजिन बंद केले नाही. दौलतला गाडीतच बसवून ती आत गेली आणि पोस्टकार्ड घेऊन उभ्याउभ्याच लिहायला लागली. तब्येतीची विचारपूस नाही, दुवा नाही. 'सलाम. गाडी सुरू आहे. ती मीच चालवते.'

पाठोपाठ आत आलेल्या अफजलने तिच्या खांद्यावरून वाचले. मी घरीच चाललोय, माझ्याकडे द्या, म्हणून त्याने हात पुढे केला. ती पेटीकडे वळली तसा तो मागोमाग आला.

"चाची, निदान पाकिटात तरी घाला. पडघ्याचा पोस्टमन वाचेल."

"वाचू दे," म्हणत तिने कार्ड पेटीत सोडले.