जाणवणारा बेस

“बेस गिटार म्हणजे संगीताचा पाया. पाया हलला की इमारत कोसळते,” हेडसरांनी भर दुकानात जाहीर केलं. पाया त्यांनी उलटा धरला होता. दुकानदाराने तो त्यांच्या मांडीवर सरळ करून दिला.

निवृत्त झाल्यापासून सरांचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. ज्यांच्या खाकरण्याने शाळा चिडीचूप व्हायची, त्यांना घरात चहा दोनदा मागावा लागे. अशात शेजारचे दातांचे डॉक्टर सरांची नवी गाडी बघायला आले. गाडीभोवती फेरी मारली, डिकी उघडून पाहिली आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, ही बोटं बेसचीच. आमच्या वाद्यवृंदात या.

विजेशिवाय वाजणारी अकूस्टिक बेस गिटार घ्यायची, पण परवडणारी, असं ठरलं. सरांनी इंटरनेटवर इतका अभ्यास केला आणि लाकडांचे प्रकार बायकोला इतके समजावले, की ती भाजीला दिवसातून दोनदा जाऊ लागली.

सर, बायको आणि डॉक्टर असे तिघे दुकानात गेले, तर बेतात बसणाऱ्या दोनच निघाल्या. एक पोटाने जाड, एक चपटी. दुकानदार म्हणाला, जाडच घ्या, तिचा आवाज निदान चार माणसांत पोचेल. चपटी गलक्यात बुडून जाईल.

डॉक्टरांनी खिशातून टेप काढली आणि दोघींची जाडी मोजली. सर थक्क झाले. दात उपटणाऱ्या माणसाला नादशास्त्राची एवढी जाण असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“चपटीच घ्या,” डॉक्टर म्हणाले. “सर, बेस ऐकू यायचा नसतो. जाणवायचा असतो.”

सरांच्या बायकोचा चेहरा दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच उजळला. नक्की ऐकू येणार नाही ना, हे तिने दुकानदाराला पुन्हा विचारून घेतलं आणि पैसे आपल्या पर्समधून दिले.

तालमी सुरू झाल्या. ड्रम दणाणत, कीबोर्ड केकाटे, डॉक्टर गात. सरांची बोटं सोलवटली, पण आपला सूर त्यांना स्वतःलाच सापडेना. शेवटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या सवयीने परीक्षा घेतली. अख्ख्या गाण्यात तारेला बोट म्हणून लावलं नाही. मान तेवढी डोलावली.

गाणं संपलं. डॉक्टरांनी डोळे पुसले. आज बेस खरा जाणवला, म्हणाले.

सरांनी गिटार खोळीत घातली. मग त्यांनी विचारलं, “उद्या मी नाही आलो तर?”

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. तुमच्याशिवाय कार्यक्रम उभाच राहणार नाही, असं ते अगदी पोटतिडकीने म्हणाले. किती दिवसांनी कोणाचं तरी आपल्यावाचून अडत होतं. सरांनी गिटार पुन्हा बाहेर काढली.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“फक्त येताना गाडीची मागची सीट पाडून आणा. ड्रम चढवले की वर जी फट उरते ना, तिच्यात तुमची गिटार बरोब्बर बसते.”