भाचीची तपासणी

भाची दीड महिन्याची झाली तरी तिची नाळ पडली नव्हती आणि बेंबी सारखी सुजत होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्ततपासणी नेमकी आत्याच्याच प्रयोगशाळेत आली. या तपासणीत, जंतूंना पकडणारं एक प्रथिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर असलं, की कुपीतून घातलेली चमकणारी अँटिबॉडी त्याला जाऊन चिकटते आणि पेशी यंत्राच्या पडद्यावर चमकतात.

भाचीच्या पेशी चमकल्याच नाहीत.

हे प्रथिन नसलेलं बाळ साध्या तापानेही हातचं जातं, हे आत्याला पाठ होतं.

"ताई, झालं का गं?" बाहेरच्या बाकावरून भावाने विचारलं.

"थांब जरा. पुन्हा एकदा बघते."

तिने स्वतःचं बोट टोचलं आणि आपलं रक्तही यंत्राला लावलं. तिच्या धडधाकट पेशीही अंधारातच राहिल्या. म्हणजे दोष रक्तात नव्हता, कुपीतली अँटिबॉडीच खराब झाली होती. नवी कुपी उघडली, तशा दोघींच्याही पेशी लख्ख उजळल्या. तिने बाहेर येऊन सांगितलं, तसा भाऊ तिथेच ओक्साबोक्शी रडला आणि मुलीला कुशीत घेऊन घरी गेला.

आत्याने डोळे पुसले, कुपी टाकून द्यायला उचलली आणि तिचा हात हवेतच थांबला.



आठ दिवसांपूर्वी याच कुपीने तिने आणखी एका बाळाच्या पेशी अंधारात पाहिल्या होत्या, आणि त्या दिवशी पुन्हा एकदा बघावं असं तिला वाटलं नव्हतं.