न सुकलेली माती

मोरा बंदरामागे देवजीच्या घरी जांभळाची दारू व्हायची. साठ साली दारूबंदी होती, त्यामुळे गावात कुणी दारू पीत नसे. सगळ्यांची पोटं बिघडत आणि सगळे देवजीकडे औषधाला येत.

जांभळं कुस्करून, गूळ घालून देवजी बरणी भरायचा. तोंडाला फडकं बांधून वरून मातीनं लिंपायचं काम मात्र त्याच्या बायकोचं, मैनाचं. माती सुकून तडकली की दारू तयार, हा घरचा नियम.

यंदा शेवटची बरणी लिंपून मैना तापानं पडली, ती उठलीच नाही.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. ती माती सुकली नाही. देवजी रोज सकाळी बोट लावून बघे.

"दाजी, फोडा आता," मैनाचा भाऊ दादू म्हणाला. "तुमच्या कमळीचं लगीन तोंडावर आलंय. पावन्यांना काय ताक पाजायचं?"

"ओली हाय अजून."

"इतकं महिनं? माती हाय का आमच्या बहिनीचा हट्ट?"

देवजी हसला नाही. त्या ओलाव्यावर हात ठेवला की त्याला वाटे, मैना आत्ताच हात धुवायला विहिरीवर गेलीय. झाकण फोडलं की ती मेलीच.

शेवटी कमळीच म्हणाली, "बा, फोड. आयच्या हातचं कायतरी माज्या लग्नात असू दे."

देवजीनं मातीसकट फडकं सोडवलं आणि उलटं केलं.

आतल्या बाजूनंही माती लिंपलेली होती. तीत पाच बोटं ताजी उमटली होती, मधलं अर्धंच.

मैनाचं मधलं बोट लहानपणीच कोयत्यानं तुटलं होतं.