हेरल्डखालची लिंबं

बालाजीरावांनी पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेटलं नाही. चारही चाकांखालची लिंबं तशीच राहिली, अख्खी आणि पिवळीजर्द.

आयुधपूजेचा दिवस होता. अंबत्तूरच्या त्या गल्लीत सायकलीपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा होत्या, पण निम्मी गल्ली जमली होती ती बालाजीरावांच्या दारात. परवाच त्यांच्या जुन्या स्टँडर्ड हेरल्डचं इंजिन पहिल्यांदा धडधडलं होतं आणि आज ती लिंबं चिरडून फाटकाबाहेर पडणार होती. पडायलाच हवी होती. गेल्या आयुधपूजेला त्यांच्या बायकोनं, हेमावतींनी, सगळ्यांदेखत बजावलं होतं, "पुढल्या वर्षी याच दिवशी गाडी लिंबावरनं गेली पाहिजे. नाही गेली तर पुदुपेटला, भंगारात." बालाजीराव "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले होते. तंजावरच्या त्या मराठी माणसानं एकदा सरी म्हटलं की विषय संपला.

हौसेला मोल नाही म्हणतात. बालाजीरावांच्या हौसेला मोल होतं आणि ते त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. शेजाऱ्यांचे मिक्सर नि पंखे दुरुस्त करून जे मिळेल, तेवढंच गाडीला. पेन्शनीला हात लावायचा नाही. एक भाग बसल्याशिवाय दुसरा आणायचा नाही. डॅशबोर्डची फळी मोडक्या पलंगाची होती आणि सीटचं रेक्झिन बंद पडलेल्या एका सलूनच्या खुर्च्यांचं. तरी गाडी अशी देखणी झाली होती, की बघणाऱ्यानं नुसतं बघत राहावं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मंदार श्रीपेरुंबुदूरच्या कार कारखान्यात इंजिनियर होता. त्यानं हौसेनं जुनी मोटारसायकल घेऊन परदेशातून सुटे भाग मागवले होते. मोटारसायकल अजून जिन्याखाली उभी होती, कर्जाचे हप्ते मात्र जोरात धावत होते. त्याला बालाजीरावांचं भारी कौतुक वाटायचं.

हेमावतींना मात्र धास्ती होती. बालाजीरावांचे मित्र रत्नाकर यांनी गाडीच्याच नादात प्लॉट विकला होता. आधी गाडी चालू झाली, मग रॅली आली, मग चकचकीत क्रोम, मग दुसरी गाडी. "बंद गाडी खात नाही हो, चालती गाडी खाते," हेमावती म्हणायच्या. म्हणायच्या आणि कुरकुरत का होईना, रोज संध्याकाळी बॉनेटखाली टॉर्च धरून उभ्या राहायच्या.

आता मंदार पुढे झाला. त्यानं बॉनेट उलटलं, डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा बोटांनीच सोडवल्या आणि झाकण काढलं.

"काका, यात रोटरच नाहीये!"

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. पण ठिणगी वाटून देतो तोच. तो नसेल तर बाकीचं इंजिन शोभेचं.

शोधाशोध झाली. मंदारला तो सापडला देवघरात. सरस्वतीपुढं पाने, पक्कड, हातोडी असं सगळं हारीनं मांडलं होतं आणि त्यांच्या मधोमध रोटर विसावला होता. त्यालाही कुंकवाचा टिळा होता. मंदारनं हात पुढे केला.

"तंबी, हात लावूं नको." बालाजीराव मागे येऊन उभे होते. "पूजेंत बसलेलं उद्यापर्यंत उचलायचं नाही."

"खंडेनवमीला आमच्याकडेही नाही उचलत, काका. पण एवढासा तुकडा! दोन मिनिटांत गाडी सुरू होईल. देव काय रागावणार आहे?"

"देव नाही रागवायचा. पण एक नियम मोडला, की दुसरा मोडायला हात शिवशिवतो. माझा मला ठाऊक आहे ना."

बालाजीरावांची नजर रोटरवरून हलत नव्हती. हात पुढे केला असता तर पोचला असता. त्यांनी तो धोतराला पुसला आणि मागे घेतला.

"पण हा इथं ठेवला कुणी?" मंदारनं विचारलं.

दारात उभ्या असलेल्या हेमावतींच्या हातातलं आरतीचं ताट हललं.

"मीच," बालाजीराव म्हणाले. "पुसायला काढलों आणि हत्यारांसंगती ठेवून बसलों. वय झालं, दुसरं काय! पुदुपेटच्या सुब्बाला फोन लाव. उद्या टेम्पो घेऊन ये म्हणावं. शब्द आजचा होता."

बालाजीराव बाहेर आले आणि बॉनेट हलक्या हातानं मिटायला लागले.

हेमावतींनी ताट पायरीवर ठेवलं. पदर कमरेला खोचला.

"अहो, बसा गाडींत."

"हेमा, इंजिन—"

"मी काय म्हटलं होतं? गाडी लिंबावरनं गेली पाहिजे. इंजिन चालू करूनच गेली पाहिजे असं मी कधी म्हटलं?" त्यांनी दोन्ही हात गाडीला लावले आणि गल्लीकडे मान वळवली. "बघत काय उभे राहिलात सगळे? तळ्ळुंग, तळ्ळुंग! ढकला!"

गल्ली हसत धावली. मंदारनं मागून खांदा लावला. हेरल्ड कुरकुरली, हलली, आणि चारही लिंबं फटाफट फुटली. टाळ्या पडल्या. गाडी माळा हलवत फाटकाबाहेर निघाली.

हेमावती बालाजीरावांच्या खिडकीशी ढकलत होत्या. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या म्हणाल्या, "काल रोटर मी काढला. मुद्दाम."

"ठाऊक आहे," स्टिअरिंग सरळ धरत बालाजीराव म्हणाले. "इतकी वर्षं टॉर्च तूंच धरलीस. त्या झाकणाखाली काय असतं, ते दुसऱ्या कुणाला माहीत?"