खुशालीचं कार्ड

नाथाजी हवालदार पत्र वाचता वाचता मधेच थांबला.

पत्र लेकीचं होतं, शालनचं. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला जाऊन तिला दोन महिने झाले होते. पहाटेची परेड चुकत नाही, पायांना फोड आलेत, सिस्टरबाई इंग्रजीत ओरडतात, इथवर त्यानं खणखणीत वाचलं. बाजेवर पडलेली त्याची बायको राहीबाई डोळे मिटून ऐकत होती.

"का थांबलासा?"

"चष्म्यावर धूळ बसलीया."

"मग पुसा की."

त्यानं चष्मा पुसला. पुढचा मजकूर काही बदलला नाही. 'आबा, परवा एका जवानाचा हात धरून बसले होते. आई आई करत तो गेला. मला इथं राहवत नाही. आई सीरियस आहे अशी तार करा. माझ्या खोलीतल्या दोघी अशाच खोट्या तारेवर घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. एकदा आईच्या मांडीवर डोकं ठेवते, मग पुढचं पुढं.'

खोट्या तारेचं त्या गावाला अप्रूप नव्हतं. घरटी एक माणूस पलटणीत. सुगी आली, सोयरीक ठरली, की तार सुटायची. गावच्या म्हाताऱ्या तारेत दरसाल मरायला टेकायच्या आणि रजेवर आलेल्या लेकासाठी चुलीपुढं रस्सा ढवळत बसायच्या. नाथाजीनंही आपल्या धडधाकट आईला दोनदा असं मरणपंथाला लावलं होतं.

दुसरी रीतही तेवढीच जुनी. खरं दुखणं मात्र पलटणीत कळवायचं नाही, तिथल्या माणसाचं चित्त ढळतं. पत्रात एकच वाक्य, इकडे सर्व खुशाल. म्हणून तर मिरजेच्या डॉक्टरनं राहीबाईचं पोट तपासून 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं, त्याला पंधरा दिवस झाले तरी शालनला कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पोरीनं खोटी म्हणून मागितलेली तार खरी होती आणि पोरीला ते ठाऊक नव्हतं.

"आटपा हवालदार," उंबऱ्यावर बसलेला धोंडिराम पोस्टमन म्हणाला. "मला आजून दोन वाड्या करायच्यात. कार्ड धाडायचं आसंल तर आत्ता लिवा. तार आसंल तर आटपाडीत जाऊन मी करतो."

सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं. घरात हे तिघंच.

राहीबाईनं डोळे उघडले. "काय लिवलंय पोरीनं? माझी आण हाय तुमास्नी, हाय तसं वाचा."

त्यानं वाचलं. मांडीवर डोकं ठेवायची ओळ वीस वर्षं पलटणीत काढलेल्या त्या माणसानं एका दमात उरकली.

"मांडीवर डोकं ठिवती म्हणती?" राहीबाईनं अंगावरचं पटकूर उगीचच सारखं केलं.

"तार करतो," नाथाजी घाईनं म्हणाला. "त्यात खोटं काय हाय? येऊ दे तिला. तुजी नजर तरी पडू दे पोरीवर."

"आन् आल्यावर माघारी जाईल?"

नाथाजी पत्राची घडी घालू लागला.

"मला आशी बघितल्यावर ती हलती व्हय हितनं? चूल धरून बसंल. मग वरसाच्या आत तुमीच तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधशिला. दीर-भावकीची तोंडं बंद करून धाडली तिला, ती ह्याच्यासाठी?" बोलता बोलता तिला धाप लागली. "कार्ड घ्या. लिवा."

"राही, मागनं कळलं म्हंजे पोरगी जल्मभर बोल लावंल मला."

"लावू द्या. सोताच्या पायावर उभी ऱ्हाऊन लावंल."

उंबऱ्यावरचा धोंडिराम आता घाई करत नव्हता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

नाथाजीनं दौत उघडली. राहीबाई थांबत थांबत सांगू लागली. "आई झकास हाय. भाकरी थापती, शेळीची धार काढती. तिच्या नावानं खोटं सांगून रजा मागायची न्हाई. दिवाळीला कायद्यानं रजा मिळंल तवा ये." मग तिनं डोळे मिटले. नाथाजीला वाटलं, झालं. तो पत्ता लिहायला लागला तशी ती म्हणाली, "आजून एक लिवा. ज्येची आई तितं न्हाई, त्येचा हात सोडू नगं."

शालन गेल्यापासून प्रत्येक कार्डाखाली राहीबाई आपला अंगठा उठवायची. आई भेटल्यागत वाटतं, असं पोरीनं कळवलं होतं. नाथाजीनं तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि कार्ड पुढं धरलं. तिच्या अंगात तेवढंही बळ नव्हतं. अंगठा घसरला आणि सगळा मजकूर काळा झाला.

धोंडिरामनं पिशवीतून दुसरं कार्ड काढून मुकाट्यानं दिलं. नाथाजीनं सगळं पुन्हा लिहून काढलं, शेळीच्या धारेसकट. या खेपेला राहीबाईनं हात उचललाच नाही.

"तुमचाच उठवा," भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली. "पोरीला काय कळतंय."

नाथाजीनं आपला अंगठा शाईत बुडवला आणि कार्डावर टेकवला. धोंडिराम उठला, टोपी घातली, कार्डासाठी हात पुढं करून उभा राहिला. नाथाजी अंगठा उचलेना.