दोन बोटं जागा

सहाव्याच झोक्याला लंबक भिंतीला खर्रकन घासला आणि थांबला.

"मॅडम, घासून राहिला! रितिकाचा लंबक भिंतीले घासून राहिला!" प्रशिक ओरडला. त्याच्या गटाने अकरा झोके सांगितले होते आणि हातातोंडाशी आलेला गुण गेला होता, मग ओरडणार नाही तर काय.

खेळ सातवीच्या वर्गानेच बसवला होता. अर्ध्या मिनिटात लंबक किती झोके घेईल ते गटाने आधी सांगायचं. मग लंबक सोडायचा आणि मोजायचं. बरोबर आलं तर एक गुण. पुढच्या फेरीला दोरा आखूड करायचा आणि पुन्हा अंदाज. लंबक मात्र एकट्या रितिकाचा. तीन रविवार मोडून तिने सिमेंटचा गोळा ओतला होता. गोळा भिंतीला लागू नये म्हणून वर खिळ्याजवळ लाकडी ठोकळा बसवला होता, भिंत सरळ आहे का ते पाहायच्या गवंड्याच्या ओळंब्याला असतो तसा. गोळा आणि भिंत यांच्यात दोन बोटं जागा राहील असं माप. उद्या या नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि पाहुण्यांसमोर हाच खेळ व्हायचा होता.

"अगं, मोजून केला होतास ना?" मयुरा मॅडमनी विचारलं.

रितिकाने वाकून पाहिलं. गोळ्यामागे नखसुद्धा शिरत नव्हतं. कालच जुन्या वर्गात हाच लंबक मजेत झुलला होता, दोन बोटं राखून. ओळंब्याचा दोरा धरतच मोठी झालेली पोर ती, तिला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. दोरा नेहमी सरळच लोंबतो. भिंतच बाहेरच्या बाजूला कलली होती.

आणि भिंत तिच्या बाबांनी बांधली होती.

केशव मिस्त्रींनी पंचवीस वर्षं प्रताप नगरात लोकांची घरं उभी केली. पण गृहप्रवेशाला 'मिस्त्री, जेवायला या' म्हणून कोणी बोलावल्याचं रितिकाला आठवत नव्हतं. उद्या मात्र शाळा त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार होती. आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. बाबांनी तर आठवडाभर कोणाशी धड भांडणही केलं नव्हतं, इतके ते खुशीत होते.

"माझंच चुकलं, मॅडम," रितिका म्हणाली. "ठोकळा आखूड कापला मी."

"मग इतके दिवस काय करत होतीस? उद्या पाहुण्यांसमोर फजिती झाली असती!" मॅडम वैतागल्या. "काढ तो. खेळ राहू दे, उद्या स्वागतगीत म्हणू नुसतं."

सगळ्या वर्गाने तोंडं वाकडी केली. "एक ठोकळा नाही कापता येत हिले," मागून कोणीतरी बोललं. रितिका मुकाट्याने स्टुलावर चढली. तिला फार रडू येत होतं. उद्याचा सत्कार होऊन जाऊ दे, मग घरी बाबांना हळूच सांगू, असं तिने मनाशी ठरवलं आणि खिळ्याला हात घातला.

"राहू दे वं. काढू नको."

दारात केशव मिस्त्री उभे होते. चौकटीला रंगाचा शेवटचा हात मारायला आले होते, ब्रश हातातच होता. ते कधीपासून तिथे होते कोण जाणे. ब्रश खाली ठेवून ते आत आले. वर ठोकळ्याला बोटं लावून माप घेतलं. गोळा दोन्ही हातांनी धरून स्थिर केला आणि त्याच्या मागे बोट घालून पाहिलं. बोट शिरलं नाही. त्यांनी पुन्हा वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"बाबा, जाऊ द्या ना," रितिका पुटपुटली. "माहीच चूक आहे."

मिस्त्रींनी तिला हात धरून स्टुलावरून खाली उतरवलं.

"अहो मिस्त्री, पोरांचा खेळ आहे तो," मॅडम हसून म्हणाल्या. "तुम्ही कशाला मनावर घेता? तुम्ही उद्याच्या सत्काराचं पाहा."

"काळी माती आहे इथं, मॅडम, पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया अजून दोन फूट खाली न्याचा होता. घाई होती, तं मीच म्हटलं, चालते." केशव मिस्त्रींनी भिंतीवर तळवा टेकवला, आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी पोरायले बाहेर काढा. लंबक बरोबर आहे पोरीचा. भिंत चुकली माही."